पाणी नेमकं कुठे ढकलतं? संत्रं, कूलर आणि जमिनीतली टाकी

मार्च महिना, मृग बहाराची शेवटची संत्री घरात आलेली. भाच्याने एक संत्रं बादलीत टाकलं, ते तरंगलं. मग ते सोललं, फोडी सुट्या केल्या आणि पुन्हा टाकल्या. सगळ्या तळाशी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, साल काढली तर हलकं व्हायला पाहिजे होतं ना? हे तर बुडून राह्यलं!"

पोरगं आठवीत. प्लावक बल (पाण्याचा वस्तूला वर ढकलणारा जोर), आर्किमिडीजचं तत्त्व, सगळं तोंडपाठ. "पाणी वस्तूला वर ढकलतं" हे त्याने लगेच सांगितलं. मी विचारलं, वरच का? बाजूला का नाही? खाली का नाही? तेव्हा मात्र गाडी अडली. खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांपूर्वी माझीही तिथेच अडली होती, आणि मार्क मात्र पूर्ण मिळाले होते.

हा लेख त्या "वरच का?" साठी आहे. विषय पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी, शाळेत घेऊन विसरलेल्यांसाठी आणि पोरांना समजावायची वेळ आलेल्या मामा-काकांसाठी. सामान घरातलंच लागतं: एक लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या, टेबल टेनिसचा चेंडू, सुई, शिवायचा दोरा, चिकटपट्टी, थर्माकोलचा बोराएवढा गोळा, बादली, एक संत्रं आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काटा नसेल तर आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतो. हिशेबाचं अर्धं काम त्याच्यावरच आहे, त्यामुळे तो टाळू नका.

पहिली पायरी: धार कुठून सुटते ते बघा

सुई गॅसवर तापवून (चिमट्यात धरून, बोटांत नाही) बाटलीला एकाखाली एक अशी तीन भोकं पाडा. त्यांच्या बरोब्बर समोरच्या बाजूला आणखी एक भोक. सगळ्यांवर चिकटपट्टी लावा, बाटली भरा, झाकण उघडंच ठेवा आणि पट्टी ओढून काढा.

धार कुठे पडते याकडे सध्या बघू नका. ती भोकातून सुटते त्या जागी डोळा लावा. पाणी तिथे खाली गळत नाही, सरळ आडवं बाहेर येतं आणि मग वाकतं. वाकवण्याचं काम गुरुत्वाकर्षणाचं, आडवं सोडण्याचं काम पाण्याच्या दाबाचं. आता बाटली थोडी तिरपी करा. खालच्या अंगाला आलेल्या भोकांतून धार तिरपी खाली सुटते आणि वरच्या अंगाला गेलेल्या भोकातून, ते पाण्याखाली असेल तर, धार आधी थोडी वर उडते. पाणी वर उडतं! "पाणी खालीच दाबतं" हा समज इथेच धुऊन जातो.

नियम एवढाच: स्थिर पाणी ज्या पृष्ठभागाला टेकतं त्याला काटकोनात ढकलतं. भिंत उभी असेल तर धक्का आडवा, तळ असेल तर खाली, आणि पाण्यात बुडालेल्या वस्तूचं पोट असेल तर वर. पाण्याला "वर" माहीत नाही, त्याला फक्त समोरचा पृष्ठभाग माहीत आहे.

जाता जाता एक गोष्ट. अनेक चित्रांत सगळ्यात खालच्या भोकाची धार सगळ्यात लांब पडलेली दाखवतात. बाटली जमिनीवर ठेवून बघा. पाण्याच्या उंचीच्या मध्यावर असलेल्या भोकाची धार सगळ्यात लांब जाते. खालची धार वेगवान असते, पण लांब जायला तिला वेळच मिळत नाही, लगेच जमीन येते. बाटली उंच स्टुलावर ठेवली तर मात्र खालची धार जिंकते. वेग खोलीवर ठरतो आणि अंतर उंचीवरही. या दोन गोष्टींची गल्लत नको.

दुसरी पायरी: कागदावर दोन मिनिटं

खोली एक सेंटिमीटरने वाढली की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा पाण्याचा भार एक ग्रॅमने वाढतो. (परीक्षेत न्यूटन लिहा, एक किलो वजन म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन. बादलीपाशी किलो-ग्रॅम चालतात.)

आता सगळ्या बाजू 10 सेंटिमीटरच्या असलेला एक ठोकळा पाण्यात बुडवलेला आहे असं समजा. त्याचा माथा पृष्ठभागाखाली 10 सेंटिमीटरवर, म्हणजे तळ 20 सेंटिमीटरवर. माथ्याचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर, तिथे पाणी 1 किलोने खाली दाबतं. तळाला खोली दुप्पट, तिथे पाणी 2 किलोने वर ढकलतं. चारही बाजूंवर सरासरी दीड-दीड किलोचा आडवा रेटा, पण समोरासमोरचे एकमेकांना खाऊन टाकतात. बाकी काय उरली? 1 किलो, वरच्या दिशेने. ठोकळ्याने बाजूला सारलेलं पाणी किती? 1 लिटर, म्हणजे 1 किलोच. वरचा धक्का बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा: आर्किमिडीजचं तत्त्व म्हणतात ते हेच, वजाबाकी करून आलेलं.

म्हणजे प्लावक बल नावाचं वेगळं कुठलं बल पाण्यात दबा धरून बसलेलं नाही. सगळ्या बाजूंच्या धक्क्यांची बेरीज-वजाबाकी करून जे उरतं, ते आपण त्या नावाने ओळखतो. खोलीबरोबर दाब वाढतो म्हणून तळाचा धक्का माथ्यापेक्षा मोठा, आणि म्हणून बाकी वर.

याच आकडेमोडीतून एक नेहमीची चूकही सुटते. ठोकळा आणखी खाली नेऊन माथा एक मीटरवर ठेवला तर वरून 10 किलो, खालून 11. बाकी तेवढीच, 1 किलो. वस्तू पूर्ण बुडाली की प्लावक बल खोलीबरोबर वाढत नाही. चेंडू पाण्यात दाबताना जोर वाढत जातो तो फक्त पूर्ण बुडेपर्यंत. ठोकळा लोखंडाचा की लाकडाचा, हे या हिशेबात कुठेच आलं नाही हेही बघून ठेवा. हवेचा दाबही सोडला, कारण तो माथ्यावर आणि तळावर सारखाच भर घालतो.

तिसरी पायरी: काट्यावर पकडा

काट्यावर अर्धं पाणी भरलेलं पातेलं ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. आता बोट पाण्यात बुडवा, पातेल्याला कुठेही न लावता. काटा दहा-बारा ग्रॅम दाखवेल. तुम्ही काहीच ठेवलेलं नाही! पाणी बोटाला वर ढकलतं, म्हणून बोट पाण्याला तेवढंच खाली ढकलतं आणि काट्याला तेच कळतं. एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम, त्यामुळे तो आकडा म्हणजेच बुडालेल्या बोटाचं घनफळ. मला हा सगळा विषय या एका बोटात आवडला.

मग एक काळा दगड दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. माझ्या दगडाचं वजन 270 ग्रॅम होतं, लोंबकळताना काट्याने 95 दाखवले. म्हणजे पाणी त्याला 95 ग्रॅमने उचलत होतं आणि उरलेले 175 माझ्या बोटांवर होते. दोरा सैल सोडून दगड तळाला टेकवला की काटा 270 वर जातो. 270 भागिले 95 म्हणजे 2.84, दगड पाण्याच्या पावणेतीनपटीहून थोडा जास्त जड. काळ्या पाषाणाला हा आकडा शोभतो.

आता भाच्याचं संत्रं. सालीसकट वजन 148 ग्रॅम. दातकोरणीच्या टोकाने अलगद दाबून पूर्ण बुडवलं तेव्हा काटा 176 वर गेला. म्हणजे पूर्ण बुडालेल्या संत्र्याला पाणी 176 ग्रॅमने वर ढकलतं आणि त्याचं वजन 148. ते तरंगणारच. सोललं. इथे पहिल्यांदा आमची फजिती झाली, कारण सोललेलं अख्खं संत्रंही जरा वेळ तरंगलं. फोडींच्या मधल्या पोकळीत हवा अडकली होती. पाण्यातच दोन भाग केले, चार बुडबुडे निघाले आणि फोडी खाली बसल्या. फोडींचं वजन 112 ग्रॅम, घनफळ 106 मिलिलिटर.

हिशेब मांडा. साल काढल्याने वजन 36 ग्रॅमने कमी झालं, पण पाण्याचा वरचा धक्का 70 ग्रॅमने गेला. सौदा तोट्याचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, साल आणि फोडी यांच्यात हवा राहते, म्हणून फरक इतका ठळक येतो. तुमचे आकडे वेगळे येतील, फळागणिक येतात.

चौथी पायरी: चेंडू जो वर येत नाही

हा प्रयोग सोडू नका. बाकी काही केलं नाही तरी एवढा करा.

दुसऱ्या बाटलीचा तळ कापा, झाकण काढा आणि बाटली उलटी धरा, तोंड खाली. टेबल टेनिसचा चेंडू आत टाका. तो बाटलीच्या गळ्यापाशी जाऊन बसेल. आता वरून पाणी ओता. चेंडू हलका, पाण्यापेक्षा कितीतरी हलका. तरी तो वर येत नाही! बाजूने थोडं पाणी झिरपून खाली गळतं, चेंडू मात्र गळ्यात घट्ट.

का? चेंडूच्या खालच्या तोंडाशी पाणी नाही, हवा आहे. वर पाणी, ते खाली दाबतंय. खालून वर ढकलायला पाणीच नाही, मग वजाबाकी होणार कशात? "पाण्यातल्या प्रत्येक वस्तूवर प्लावक बल वर असतं" हे वाक्य इथे खोटं पडतं, आणि आपला नियम खरा ठरतो: पाणी कुठल्या पृष्ठभागाला टेकलंय ते आधी विचारा.

आता तळहाताने बाटलीचं तोंड बंद करा. झिरपणारं पाणी गळ्यात साठतं, चेंडूच्या खाली पोचतं, एक-दोन सेकंद जातात आणि चेंडू टुणकन वर. भाच्याने हे सलग अकरा वेळा केलं. घरातली फरशी पुसायला मला लागली.

मोठ्या दगडी आणि काँक्रीटच्या धरणांना हीच गोष्ट उलट बाजूने त्रास देते. भिंतीवर पाण्याचा रेटा आडवा असतो आणि खाली वाढत जातो, म्हणून भिंत तळाला जाड. पण पाणी पायाखालूनही झिरपतं आणि धरणालाच वर उचलू बघतं. त्यासाठी धरणाच्या पोटात बोगदे ठेवून झिरपलेलं पाणी काढून देतात. आपल्याला नागपुरात पेंच धरणाचं पाणी नळाला येतं तेव्हा हे कुणाच्या मनातही येत नाही.

पाचवी पायरी: "वर" म्हणजे आकाशाकडे का?

नेहमी नाही. तिसरी बाटली काठोकाठ भरा. थर्माकोलचा गोळा दोऱ्याला बांधा, दोऱ्याचं दुसरं टोक झाकणाला आतून चिकटवा, झाकण घट्ट लावा आणि बाटली उलटी धरा. गोळा दोरा ताणून पाण्यात उभा राहील, उलट्या लोलकासारखा.

आता सीताबर्डीवरून खापरीकडे जाणाऱ्या मेट्रोत बसा, बाटली मांडीवर. गाडी सुटते, उभी असलेली माणसं मागे कलतात आणि गोळा पुढे! स्टेशन आलं, ब्रेक लागला, माणसं पुढे, गोळा मागे. सहप्रवासी विचित्र नजरेने बघतील, बघू द्या. गाडी वेग घेताना पाणी मागे रेटलं जातं, मागच्या बाजूचा दाब पुढच्यापेक्षा वाढतो आणि बाकी तिरपी येते, वर आणि पुढे. बंद गाडीतला गॅसचा फुगाही याच कारणाने पुढे झुकतो. पाण्याच्या जागी हवा, एवढाच फरक.

म्हणजे प्लावक बलाची दिशा दाब जिकडे कमी होतो तिकडे. उभ्या बादलीत ती आकाशाकडे, एवढंच. गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा याच जोरावर भिंतीचा ओळंबा सांगतो. अंतराळस्थानकात बुडबुडे वर येतच नाहीत, कारण तिथे वजनच जाणवत नाही.

सहावी पायरी: कूलरचा फ्लोट

इथून पुढे काम सुरू. त्याआधी एक सूचना, आणि ही गंमत नाही: कूलरच्या पाण्यात हात घालण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पंप आणि पाणी शेजारी-शेजारी असतात आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

टाकीत नळाच्या तोंडाशी वॉल्व्ह, त्याला दांडी आणि दांडीच्या टोकाला पोकळ गोळा. पाणी चढलं की गोळा उचलला जातो, दांडी फिरते आणि वॉल्व्ह बंद. या एवढ्याशा गोळ्यात इतका जोर कुठून येतो? मोजून बघू. वॉल्व्हचं भोक 6 मिलिमीटरचं धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 0.28 चौरस सेंटिमीटर. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी वॉल्व्हच्या 10 मीटर वर असेल तर पाणी तिथे दर चौरस सेंटिमीटरला 1 किलोने ढकलतं, म्हणून वॉल्व्हवर 280 ग्रॅम. दांडीमुळे गोळ्याला दहापट फायदा मिळत असेल तर गोळ्याने 28 ग्रॅमने वर उचललं की झालं. स्वतःच्या वजनाव्यतिरिक्त फक्त 28 मिलिलिटर पाणी बाजूला सारायचं! मात्र नळाचा जोर वाढला की गोळ्याला आणखी बुडावं लागतं, म्हणून जोराचं पाणी येणाऱ्या घरांत तीच टाकी जास्त वर भरते.

दांडी वाकवून पातळी बदलता येते, पण एक ध्यानात ठेवा. गोळ्याचा धक्का उभा असतो. दांडी आडवी असेल तर तो पुरा कामी येतो. ती जितकी उभ्याकडे झुकेल तितका कमी. दांडी जवळपास उभी होईपर्यंत वाकवलेले कूलर मी पाहिलेत. मग टाकी वाहते आणि दोष वॉल्व्हला जातो.

आमचा कूलर गेल्या मे महिन्यात रात्रभर गच्चीवर वाहिला. वॉशर बदलला, तरी वाहिला. शेवटी गोळा काढून कानाशी हलवला तर आत खळखळ. बारीक चीर, अर्धा गोळा पाण्याने भरलेला. बाहेरून आकार तोच, पाण्याचा धक्काही तोच, पण आतल्या पाण्याने वजन वाढवून बाकी इतकी खाल्लेली की वॉल्व्ह बंद होईना. त्यामुळे फ्लोट तपासताना पहिल्यांदा हलवून ऐका, वॉशरकडे नंतर वळा.

सातवी पायरी: जमिनीतली टाकी

आमच्या घराचं काम बेसा रोडकडे चालू होतं. जुलैचा पहिला आठवडा. ठेकेदाराने हजार लिटरची प्लास्टिकची टाकी खड्ड्यात उतरवली, नळ जोडला, माती उद्या भरू म्हणून गेला. रात्री पाऊस. सकाळी बघतो तर टाकी खड्ड्यातून वर आलेली, तिरपी, आणि जोडलेला नळ मुळापासून मोडलेला.

टाकीचं वजन 30 किलो, तळाचा व्यास साधारण एक मीटर. 30 किलो उचलायला 30 लिटर पाणी बाजूला सारलं की पुरे. त्या तळाला हे म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटर पाणी. एका रात्रीच्या पावसाला हे जडच नाही. पूर्ण बुडालेल्या रिकाम्या टाकीला पाणी हजार किलोने वर ढकलतं, मग वर टाकलेली थोडीशी मातीही पुरत नाही.

"खाली काँक्रीट केलंय, टाकी त्याला चिकटून बसलीये, पाणी खालून येणारच नाही," असं ठेकेदार म्हणाला होता. चेंडूचा प्रयोग आठवा. तळाखाली पाणी पोचलं नाही तर टाकी उचलली जाणार नाही, हे खरंच आहे. पण पाणी झिरपतं आणि तळहात लावल्यावर चेंडूने किती वेळ घेतला ते तुम्ही पाहिलंय. त्या भरवशावर टाकी बसवू नका.

मग आलेल्या प्लंबरने एका वाक्यात काम सांगितलं: "टाकी रिकामी नका ठेवू भाऊ, माती जितकी वर चढते तितकं पाणी आत चढवत चला."

यात दोन कामं एकदम होतात. आतल्या पाण्याचं वजन टाकीला खाली धरतं आणि तेच पाणी भिंतींना आतून बाहेर रेटतं. ओली काळी माती भिंतींना बाहेरून आत दाबते, रिकाम्या टाकीच्या भिंती त्याने चेपतात. म्हणून फूटभर माती, फूटभर पाणी, पुन्हा फूटभर माती, असं चारही बाजूंनी सारखं चढवायचं. एकाच बाजूला माती लोटली तर आडवे रेटे एकमेकांना खात नाहीत आणि टाकी सरकते. गळ्याला काँक्रीटचा पट्टा घालायचा असेल तर तो टाकी पूर्ण भरल्यावरच. आणि टाकी धुवायला रिकामी करायची असेल तर ती एप्रिल-मेमध्ये करा, ऑगस्टमध्ये नाही.

आमची टाकी आता तशीच बसवलेली आहे. नवीन नळाचे पैसे ठेकेदाराने दिले, मोडलेला नळ मात्र भाचा घेऊन गेला, शाळेत दाखवायला.